परसातली कोंबडी: टंचाईत आठवते, साथीत दिसते

आजच्या भागात किल्ला नाही, लढाई नाही, राजा नाही. आज आहे कोंबडी. हो, परसातली, उकिरड्यावर फिरणारी, तुमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जिच्या नवऱ्याच्या पहाटेच्या बांगेबद्दल तक्रार येते ती.

हसू नका. कारण या कोंबडीचा इतिहास बघितला की एक गोष्ट सारखी समोर येते. सरकारला आणि शहराला घरची कोंबडी फक्त दोन वेळा दिसते. एक, अन्नाची टंचाई झाली की. दोन, रोगाची साथ आली की. पहिल्या वेळी सांगतात "पाळा", दुसऱ्या वेळी सांगतात "मारा". आणि या दोन वेळांच्या मधल्या लांबलचक काळात तिला सांभाळतात घरातल्या बायका, ज्यांना कोणी काही विचारत नाही. आज हाच धागा पकडून बोलूया.

मी आंबिवलीची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कल्याणवरून कसारा लोकल पकडली की शहाड, मग आंबिवली, पुढे टिटवाळा. कल्याण ते वासिंद हे रूळ 1855 साली सुरू झाले, म्हणजे आमच्या शिवारातून गाडी जायला लागून पावणेदोनशे वर्षं होत आली. शेजारी मोहने, अंगाला लागून उल्हास नदी. आज इथे दोन आंबिवल्या आहेत. एक टॉवरची, पार्किंग आणि लिफ्टवाली. दुसरी गावठाणातली, जिथे अजून घरामागे चार हात जागा आहे, कौलांवर शिराळ्याचा वेल आहे आणि पायात कोंबड्या येतात.

ही चार हात जागा नीट बघा, कारण ती एक पूर्ण यंत्रणा आहे. कोपऱ्यात खुराडं, म्हणजे कोंबड्यांची रात्रीची खोली. बांबूचं डालगं, पिल्लं असलेली कोंबडी झाकायला. "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही" ही म्हण तुम्ही ऐकली असेल. त्यातलं झाकणं म्हणजे या डालग्याखाली झाकणं. दारात एक कुत्रा, चुलीपाशी एक मांजर. आणि उरलेल्या जागेत भाजी. पावसाळ्यात भात शेतात, भात कापल्यावर त्याच ओलीवर वाल, आणि वाल निघाले की उन्हाळ्यात घरापाशी, सांडपाण्यावर, भेंडी, गवार, काकडी, दुधी, लाल माठ.

आता हे सगळे एकमेकांचे मित्र आहेत असं समजू नका. कोंबडीला कोवळं रोप दिसलं की ती पायाने उकरून काढते. मांजर उंदीर मारते, पण दोन दिवसांचं पिल्लूही उचलते. कुत्रा लहानपणापासून कोंबड्यांत वाढला तर राखण करतो, मोठेपणी आणला तर त्याला कोंबडी म्हणजे पळणारा चेंडू वाटतो. वरून घार, बाजूने मुंगूस. म्हणून या जागेत सगळं वेळेवर चालतं. रोप वीतभर होईपर्यंत वाफ्याला मासेमारीचं जुनं जाळं किंवा जुनी साडी. पिल्लं मोठी होईपर्यंत डालगं. वेल मांडवावर चढला की मात्र कोंबड्यांना आत मोकळीक, कारण आता त्या रोप उपटत नाहीत, खालचे किडे आणि वाळवी टिपतात. एप्रिल-मेच्या उन्हात त्याच मांडवाची त्यांना सावली मिळते. उन्हाने कोंबडी धापा टाकते, अंडी कमी होतात, म्हणून मातीच्या परळात पाणी याच सावलीत ठेवायचं. खुराड्यातली विष्ठा ताजी टाकली तर झाडं जळतात, दोन-तीन महिने कुजवली तर तीच उत्तम खत. हे ज्ञान आमच्याकडे कोणत्याही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. ते सासूकडून सुनेकडे आलं.

बरं, ही कोंबडी आली कुठून? खूप वर्षं असं मानलं जायचं की चीनमध्ये दहा हजार वर्षांपूर्वी किंवा सिंधू संस्कृतीत ती पहिल्यांदा माणसाळली. 2022 साली शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने जगभरच्या जुन्या हाडांची पुन्हा तपासणी केली. त्यांच्या मते नक्की कोंबडीचीच म्हणता येतील अशी सगळ्यात जुनी हाडं थायलंडमधल्या बान नॉन वाट या ठिकाणची, इसवी सनापूर्वी साधारण 1650 ते 1250 मधली. म्हणजे जेमतेम साडेतीन हजार वर्षं. कारण काय? भात. जंगलाच्या कडेला लोक कोरडवाहू भात आणि वरी-राळ्यासारखी धान्यं पेरायला लागले, साठवायला लागले. सांडलेल्या दाण्याला लाल रानकोंबडा जंगलातून बाहेर आला आणि परत गेलाच नाही. कुत्र्यासारखंच झालं. आपण त्यांना पकडून आणलं असं नाही, ते आपल्या उष्ट्यावर येऊन राहिले.

आणि ऐका, त्याच वर्षीच्या संशोधनात आणखी एक गंमत आहे. युरोपात कोंबडी पोचली तेव्हा सुरुवातीच्या काळात लोक ती खात नव्हते. न कापलेल्या, अख्ख्या कोंबड्या एकेकट्या पुरलेल्या सापडतात. म्हणजे तिथे ती आधी लाडाची होती, मग ताटात आली. "पेट की फूड?" हा वाद आजच्या इन्स्टाग्रामवरचा नाही.

आपल्या सह्याद्रीचा यात वाटा आहे का? आहे! आपल्या घाटात राखाडी रानकोंबडा राहतो, लाल रानकोंबड्याचा चुलतभाऊ. 2008 साली जनुकांच्या अभ्यासातून कळलं की जगातल्या बऱ्याच कोंबड्यांची पिवळी कातडी आणि पिवळे पाय ही देणगी या राखाडी रानकोंबड्याकडून आलेली आहे. हा पक्षी जगात फक्त भारतात आहे, तोही मुख्यतः पश्चिम आणि दक्षिण भागात. म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या फार्मवरच्या पिवळ्या पायाच्या कोंबडीतही आपल्या जंगलांचा थोडा अंश आहे.

मग असा पक्षी आपल्या सगळ्यांच्या दारात का नव्हता? इथे जात येते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांनी काय खाऊ नये याची यादी आहे. त्यात गावातला कोंबडा, गावातलं डुक्कर, लसूण आणि कांदा एकाच श्लोकात बसलेत. कांदा-लसूण पुढे बऱ्याच घरांत शिरले, कोंबडा मात्र दाराबाहेरच राहिला. त्यामुळे कल्याणच्या जुन्या ब्राह्मणी वाड्यांत गाय दिसायची, कोंबडी नाही. कोंबडी होती आगरी, कोळी, कुणबी, दलित, कातकरी, ठाकूर, मुसलमान आणि ख्रिस्ती घरांच्या परसात. ज्यांनी इतिहास लिहिला त्यांच्या अंगणात ती नव्हती आणि ज्यांच्या अंगणात ती होती त्यांच्या हातात लेखणी उशिरा आली. कोंबडीचा इतिहास आपल्याकडे इतका कमी लिहिला गेला याचं हे एक सरळ कारण आहे, असं मला वाटतं.

त्यात दुसरं कारण बाईचं. गाय-बैल घराच्या नावावर, शेत नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. कोंबडी मात्र बाईची. आमच्या गावठाणातल्या एका आजींना मी विचारलं, "आजी, अंड्यांचे पैसे तुम्ही कोणाकडे देता?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "कोनाला कशाला देऊ? भाताचा पैसा घराचा, कोंबरीचा पैसा माजा." शाळेची वही, अचानक लागलेलं औषध, लेकीच्या हातावर ठेवायची नोट, हे सगळं या पैशातून. गटारीच्या आधी गावठी कोंबड्याला जो भाव मिळतो, तो म्हणजे त्यांचा वर्षाचा बोनस. देवीच्या मानाचा कोंबडाही घरचाच, विकत आणायची गरज नाही. बँकेत खातं नसलेल्या बाईची ही बँक होती आणि तिचं पासबुक खुराड्यात असायचं.

आता पहिली वेळ बघूया, जेव्हा सरकारला कोंबडी दिसली. पहिलं महायुद्ध. 1918 साली अमेरिकेच्या कृषी खात्याने पोस्टर छापलं: घरातल्या माणशी दोन कोंबड्या परसात पाळा, कुटुंबाला ताजी अंडी पुरतील. कोंबडी पाळणं म्हणजे देशभक्ती! दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने लोकांना बागेतली फुलं काढून भाजी लावायला सांगितलं. कोंबड्या पाळणाऱ्यांना एक सौदा दिला: रेशनवरची अंडी सोडा, त्या बदल्यात कोंबड्यांसाठी खाद्य घ्या. लंडनच्या मागच्या अंगणात तेव्हा अगदी आमच्या गावठाणासारखं चित्र होतं, कोबी आणि कोंबड्या शेजारी शेजारी.

आपल्याकडे त्याच काळात, 1942 नंतर, "अधिक धान्य पिकवा" मोहीम सुरू झाली. मे 1943 मध्ये मुंबईत रेशनिंग आलं. तिकडे बंगालमध्ये त्याच वर्षी दुष्काळात लाखो माणसं मेली. आपल्याकडच्या मोहिमेचा भर धान्यावर होता. पण फरक लक्षात घ्या. ब्रिटनने परसातल्या कोंबडीला खाद्याचा हिस्सा ठरवून दिला. आपल्याकडे परसातली कोंबडी सांडलेल्या दाण्यावर आणि बाईच्या हुशारीवर जगत राहिली.

युद्ध संपलं आणि 1946 साली नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन स्थापन झाली. मोहने-आंबिवलीतला तिचा कारखाना म्हणजे आमच्याकडे नुसतं "एनआरसी". रेशमासारखा कृत्रिम धागा करणारा हा कारखाना इथे आला आणि शेतावरची माणसं शिफ्टमध्ये गेली. बाहेरगावची कुटुंबं कामाला आली, कॉलनी उभी राहिली. मासिक पगार आला. पगारवाल्या घरात कोंबडी म्हणजे गरिबीची खूण वाटायला लागते, हे तुम्ही कुठेही बघाल. पण 2009 साली कारखाना बंद पडला, हजारो कामगारांची देणी अडकली, आणि मासिक पगार हीसुद्धा कायमची गोष्ट नसते हे या परिसराने बघितलं. कोंबडी लहान आहे, तिच्यावर घर चालत नाही. पण ती एका दिवसात नोटीस लावून बंदही पडत नाही.

दरम्यान देशात अंड्याची क्रांती झाली, आणि तिचं एक मोठं केंद्र आपल्या पुण्यात आहे. 1971 साली डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. व्यापाऱ्यांनी पाडलेल्या भावाला कंटाळलेल्या अंडी उत्पादकांनी त्यांच्या पुढाकाराने 1982 साली नॅशनल एग को-ऑर्डिनेशन कमिटी, म्हणजे एनईसीसी, उभी केली. टीव्हीवरची ती अंड्यांची जाहिरात याच संस्थेची. परसातली देशी कोंबडी वर्षाला साधारण 50 ते 80 अंडी देते, मग खुडूक होऊन बसते. पोल्ट्रीतली संकरित कोंबडी 300 च्या वर देते आणि खुडूक होत नाही. यामुळे अंडं स्वस्त झालं, गरिबाच्या ताटात आलं. हे मोठं काम आहे, त्याला नाकं मुरडण्यात अर्थ नाही.

पण मोजपट्टी बदलली. अंड्यांच्या संख्येत देशी कोंबडी "नापास" ठरली. ती स्वतःची अंडी स्वतः 21 दिवस उबवते, पिल्लं स्वतः वाढवते, खाद्य विकत मागत नाही, या गोष्टी त्या मोजपट्टीवर नव्हत्याच. आपण धरून चाललो की ती आता संपणार. आणि झालं उलटं. 2019 च्या विसाव्या पशुगणनेत देशात एकूण 85 कोटींच्या वर कोंबड्या आणि इतर कुक्कुटपक्षी मोजले गेले. त्यातले जवळजवळ 32 कोटी परसातले. आधीच्या, म्हणजे 2012 च्या गणनेपेक्षा परसातले पक्षी सुमारे 46 टक्क्यांनी वाढले. व्यावसायिक पोल्ट्रीतले? साडेचार टक्के. कोंबडी संपली नव्हती. आपण बघत नव्हतो.

आता दुसरी वेळ: साथ. कोंबड्यांचा आपल्याकडचा जुना शत्रू राणीखेत. उत्तराखंडमधल्या राणीखेत या गावावरून हे नाव पडलं. 1920 च्या दशकात तिथे हा रोग नोंदला गेला. आपल्याकडे याला मानमोडी म्हणतात, कारण कोंबडीची मान वाकडी होते. 1918 च्या इन्फ्लुएन्झालाही आपल्या आजी-पणजींनी मानमोडीच म्हटलं होतं. माणसाची आणि कोंबडीची साथ एकाच नावाने ओळखली जाते, यातच सगळं आलं. राणीखेतवरची लस मुक्तेश्वरच्या पशुवैद्यक संस्थेत 1940 च्या दशकात तयार झाली. म्हणजे कित्येक दशकं लस आहे. तरी आजही गावात "रोग आला, सगळ्या गेल्या" हे वाक्य ऐकू येतं. चार-पाच कोंबड्यांसाठी लसीची अख्खी कुपी कोण फोडणार?

मग 2006 आलं. 18 फेब्रुवारीला नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरमध्ये बर्ड फ्लू, एच5एन1, जाहीर झाला. भारतातली ही पहिली नोंद. लाखो पक्षी मारले गेले. पुढच्या महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या गावांत घरगुती कोंबड्यांमध्ये तो सापडला. आणि फेब्रुवारी 2022 मध्ये तो आमच्याच लोकलच्या मार्गावर आला. शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत एका फार्मवर सुमारे 100 पक्षी मेले, तपासणीत बर्ड फ्लू निघाला, आणि भोवतालच्या एक किलोमीटरमधले सुमारे 25,000 पक्षी मारायचे ठरले. शहापूरला जायचं तर आसनगावला उतरायचं, आंबिवलीपासून चौथं स्टेशन. जानेवारी 2025 मध्ये उरणजवळच्या चिरनेरमध्येही तेच, आणि तिथे परसातल्या कोंबड्याच होत्या.

एक किलोमीटरचा नियम क्रूर वाटतो, पण त्यामागे कारण आहे. हा विषाणू फार झपाट्याने पसरतो आणि क्वचित माणसालाही होतो. एक वर्तुळ आखून थांबवला नाही तर पुढे जिल्हाच्या जिल्हा जातो. मात्र त्या वर्तुळात फार्मवाल्याचे हजारो पक्षी असतात आणि एखाद्या आजीच्या सहा कोंबड्याही. भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची. रोगाने आधीच मेलेल्या कोंबडीची नाही. ज्या घराने "उगाच भानगड नको" म्हणून मरतूक लपवली, त्याच्या हातात शेवटी काहीच येत नाही, आणि तोवर रोग शेजारी पोचलेला असतो. म्हणून कोंबडी नोंदीत असणं ही कागदाची हौस नाही. त्यावर एका बाईची सगळी शिल्लक अवलंबून असते.

आणि कुत्रा-मांजर पाळणाऱ्यांनो, तुमच्यासाठीही यात निरोप आहे. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेला, आणि तपासणीत एच5एन1 निघाला. मांजरही त्याच कुळातलं. मेलेला पक्षी किंवा कच्चं चिकन मांजराला घालायचं नाही. आपण खातो ते चिकन-अंडं नीट शिजवलेलं असेल तर भीती नाही, 70 अंशांच्या वर हा विषाणू टिकत नाही.

मग करायचं काय? तुम्ही टॉवरमध्ये असाल आणि खालच्या गावठाणातला कोंबडा आरवला, तर तक्रार टाइप करायच्या आधी एवढं आठवा की तो तुमच्या बिल्डिंगच्या आधीपासून तिथे आहे. तुमच्या घरी कोंबड्या असतील तर तीन गोष्टी. पहिली, पशुगणनेवाले आले की "काही नाही हो" म्हणू नका, सहा असतील तर सहा सांगा. दुसरी, शेजारच्या चार घरांनी मिळून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून राणीखेतची लस एकाच दिवशी घ्या. पिल्लाला पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब, पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचणी. कुपी एक, घरं चार, प्रश्न सुटला. तिसरी, एकदम दोन-चार कोंबड्या मेल्या तर नदीत किंवा कचऱ्यात टाकू नका, हात लावू नका, दवाखान्यात कळवा. आणि नव्याने पाळायच्या असतील तर आधी महापालिकेत आणि सोसायटीत विचारा, जागा नसेल तर हट्ट करू नका. खिडकीच्या ग्रिलमध्ये कोंबडी सुखाने राहत नाही. तिथे माठ आणि मिरची लावा.

पुढची टंचाई कधी येईल किंवा पुढची साथ कुठल्या स्टेशनवर उतरेल, ते आपल्या हातात नाही. पण तोवरच्या शांत दिवसांत या कोंबड्या आणि त्यांना सांभाळणाऱ्या बायका कोणाच्या तरी वहीत असाव्यात, एवढं आपण करू शकतो. सुरुवात घरातून करा. आज आजीला, मावशीला, गावाकडच्या काकूला फोन लावा आणि विचारा, "तुमच्या कोंबड्यांच्या पैशातून तुम्ही पहिल्यांदा काय घेतलं होतं?" उत्तर रेकॉर्ड करून ठेवा. हा इतिहास अजून बोलतोय, तोवर ऐकून घेऊया.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि परळात पाणी ठेवायला विसरू नका.